६० कोटी ओळींच्या टेबलातील आयडी इंटवरून बिगइंटवर नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमधील एका टेबलात सुमारे ६० कोटी ओळी आहेत. त्याची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) असलेला आयडी हा कॉलम इंट (३२ बिटांची पूर्ण संख्या) प्रकारचा आहे, त्याला क्रमांक पुरवणारा सीक्वेन्स १८० कोटींच्या पुढे गेला आहे आणि रोज साधारण २५ लाख क्रमांक खर्ची पडतात. आणखी तीन टेबले फॉरेन कीने (संदर्भ दिलेला आयडी मुख्य टेबलात असलाच पाहिजे या अटीने) या आयडीला जोडलेली आहेत. सेवा बंद ठेवायची म्हटले तर रात्री जास्तीत जास्त अर्धा तास मिळेल. अशा स्थितीत कॉलमचा प्रकार सरळ ‘अल्टर टेबल’ या आज्ञेने बिगइंट (६४ बिटांची पूर्ण संख्या) करावा का, त्याला किती वेळ लागेल आणि माहिती खराब होण्याची भीती आहे का, असे विचारले आहे.

शेवटच्या शंकेचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. इंटमध्ये मावणारी प्रत्येक संख्या बिगइंटमध्ये मावते आणि पोस्टग्रेसमध्ये ही आज्ञा ट्रॅन्झॅक्शनच्या, म्हणजे पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही अशा व्यवहाराच्या, आतच चालते. मध्येच यंत्र बंद पडले किंवा तुम्हीच ती थांबवली, तरी टेबल पूर्वीसारखेच राहते. वेळ मात्र डिस्कचा वेग, ओळींची रुंदी, इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या याद्यांची) संख्या आणि रेप्लिका (डेटाबेसच्या सोबत चालणाऱ्या प्रती) यांवर ठरतो, त्यामुळे तो तुमच्याच माहितीच्या प्रतीवर मोजल्याखेरीज कोणालाही सांगता येणार नाही. माझ्या मते तुमच्यापुढचा खरा प्रश्न या दोन्हींहून वेगळा आहे. हा आयडी तुमच्या व्यवस्थेत कुठे कुठे ३२ बिटांचा म्हणून गृहीत धरलेला आहे आणि मर्यादा येण्यापूर्वी ती सगळी ठिकाणे कोणत्या क्रमाने मोकळी करायची, हे आधी ठरवावे लागेल. मूळ टेबलातला कॉलम त्या यादीत जवळपास शेवटी येतो.

आधी हाताशी किती दिवस आहेत ते पाहू. इंटची वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. १८० कोटी वजा केले तर सुमारे ३४ कोटी ७४ लाख क्रमांक उरतात आणि रोजच्या २५ लाखांच्या हिशेबाने ते १३९ दिवस पुरतात. टेबलात ओळी ६० कोटीच आहेत, या गोष्टीचा इथे काहीही दिलासा नाही, कारण मर्यादा सीक्वेन्सला लागते, ओळींच्या संख्येला लागत नाही. मात्र ६० कोटी ओळींसाठी १८० कोटी क्रमांक का लागले, हे शोधण्यासारखे आहे. काही ओळी तुम्ही पुसल्या असतील हे खरे, पण एक छुपे कारण मला वारंवार दिसले आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ लावून केलेला इन्सर्ट (नवी ओळ घालण्याची आज्ञा), ओळ आधीच असल्यामुळे काहीच न करता परत फिरला, तरी तोवर सीक्वेन्समधून क्रमांक घेतलेला असतो आणि तो परत जात नाही. रोलबॅक झालेल्या, म्हणजे रद्द होऊन मागे फिरलेल्या, ट्रॅन्झॅक्शनचेही तसेच. एका कामात रात्रीचा आयात कार्यक्रम दररोज तीच ती यादी पुन्हा इन्सर्ट करून पाहत होता. नव्या ओळी थोड्या आणि क्रमांकांचा धूर जास्त, असा प्रकार होता. आधीपासून असलेल्या ओळी जोडणी करून अगोदरच गाळल्यावर क्रमांकांचा खर्च एकतृतीयांशावर आला. तुमच्याकडेही रोजच्या २५ लाखांपैकी खऱ्या नव्या ओळी किती, हे आजच मोजून पाहा. एखाद्या दिवसाच्या कामात काही महिने पदरात पडू शकतात.

मर्यादा आलीच तर काय होते, तेही सांगतो. वाचन चालू राहते, जुन्या ओळींतले बदलही चालतात, पण प्रत्येक नवा इन्सर्ट त्रुटी देतो. पोस्टग्रेस १० पासून ‘सिरियल’ने (आपोआप वाढणाऱ्या कॉलमच्या सोयीने) तयार होणारा सीक्वेन्स स्वतःच इंट प्रकारचा असतो, त्यामुळे तिथे सीक्वेन्सने कमाल मूल्य गाठल्याची तक्रार येते, त्याआधीच्या आवृत्तीत बनलेला सीक्वेन्स बिगइंट असतो, तो खुशाल पुढचा क्रमांक देतो आणि कॉलम तो नाकारतो. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा: कॉलम बदलला तरी सीक्वेन्सचा प्रकार वेगळ्या आज्ञेने बदलावा लागू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प ही सेवा अशाच कारणाने जवळजवळ पाच तास केवळ वाचनापुरती उरली होती. त्यांच्या एका टेबलातील इंट आयडी संपला होता, आणि विशेष म्हणजे रेल्स या वेब फ्रेमवर्कने २०१७ च्या ५.१ आवृत्तीपासून नव्या टेबलांची प्रायमरी की बिगइंट केली होती. फ्रेमवर्क सुधारले म्हणून जुनी टेबले आपोआप सुधारत नाहीत. जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कने असाच पर्याय २०२१ मध्ये ३.२ आवृत्तीत आणला, तेव्हा त्याआधीच्या प्रकल्पांनीही आपली टेबले तपासावीत.

आता साध्या ‘अल्टर टेबल’कडे वळतो. इंट चार बाइट घेतो आणि बिगइंट आठ, त्यामुळे पोस्टग्रेसला प्रत्येक ओळ नव्याने लिहावी लागते आणि टेबलावरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात. मजकुराच्या कॉलमची लांबी वाढवण्याचा अनुभव असलेले लोक इथे फसतात, कारण ते काम ९.२ पासून केवळ नोंद बदलून क्षणात होते. इथे तसे होत नाही. पुनर्लेखन संपेपर्यंत टेबलावर सर्वात कडक लॉक असते, म्हणजे केवळ वाचणारी साधी सिलेक्ट क्वेरीसुद्धा थांबते. ट्रॅन्झॅक्शन कमिट (पक्के) होईपर्यंत जुनी फाइल टिकून राहत असल्याने टेबल आणि इंडेक्स मिळून जितके असतील तितकी जागा डिस्कवर आणखी लागते, आणि हे सर्व लेखन लॉगमधून रेप्लिकांकडे जात असल्याने त्या मागे पडतात.

तरीही ही आज्ञा वाईट आहे असे मी म्हणणार नाही. जिथे ती पुरेशी आहे तिथे दुसरे काही करू नये. माझी रीत अशी आहे की ताजा बॅकअप तशाच क्षमतेच्या यंत्रावर उतरवायचा, त्यावर आज्ञा चालवून वेळ मोजायचा, आणि तो दुप्पट करूनही मिळणाऱ्या अवधीत बसत असेल तर सरळ तीच वापरायची. दुप्पट यासाठी की खऱ्या यंत्रावर इतर भारही असतो. तुमच्या तीन टेबलांपैकी एखादे काही लाख ओळींचे असेल, तर त्याचे काम असेच उरका. ६० कोटींचे मुख्य टेबल मात्र अर्ध्या तासात बसेल असे मला वाटत नाही. तरी मोजून पाहा, कारण नंतर कोणी ‘सरळ का नाही केले’ असे विचारले तर आकडा हाताशी असतो.

आकाराची धास्ती असेल तर ती बहुधा वाजवीपेक्षा जास्त आहे. ६४ बिटांच्या यंत्रावर पोस्टग्रेस इंडेक्समधील प्रत्येक नोंद आठाच्या पटीत बसवतो. एकट्या इंटच्या इंडेक्समध्ये आठ बाइटांचे शीर्षक, चार बाइटांची संख्या आणि चार बाइटांची रिकामी भर असे सोळा बाइट होतात. बिगइंट आल्यावर भरीची जागा संख्या घेते आणि बेरीज सोळाच राहते. टेबलातसुद्धा आयडीच्या लगेच पुढे एखादा वेळेचा किंवा बिगइंटचा कॉलम असेल, तर आजही मधले चार बाइट वायाच जात असतात.

मुख्य टेबलासाठी मी जोड-कॉलमाची पद्धत वापरेन, म्हणजे शेजारी बिगइंटचा नवा कॉलम उभा करायचा, तो सावकाश भरायचा आणि शेवटी क्षणभरासाठी लॉक घेऊन दोघांच्या नावांची अदलाबदल करायची. पण त्याआधी जोडलेली टेबले. मुख्य आयडी मर्यादा ओलांडेल त्याच क्षणी, तो आयडी साठवणाऱ्या प्रत्येक टेबलाला बिगइंट लागणार आहे, म्हणून त्यांचे काम आधी पूर्ण झालेले हवे. पोस्टग्रेसमध्ये बिगइंट कॉलमची फॉरेन की इंट असलेल्या प्रायमरी कीकडे चालते, त्यामुळे हे टेबलागणिक, आठवड्याला एक असे करता येते. फॉरेन की नसलेली ठिकाणेही याच यादीत घ्या: ऑडिटची टेबले, लॉग, अहवालांसाठी काढलेल्या प्रती, जेसनच्या आत ठेवलेले आयडी, इंटच्या अ‍ॅरे. कॉलमच्या नावावरून शोध घेतला तर बरीच सापडतात. पण ‘संदर्भ क्रमांक’ अशा भोळ्या नावाखाली दडलेले कॉलम त्या व्यवस्थेत जुन्या असलेल्या माणसालाच ठाऊक असतात. त्या माणसाशी एकदा बसून बोला.

आता पद्धतीचा तपशील. नल (रिकामे मूल्य) चालणारा, डिफॉल्ट (आपोआप भरले जाणारे मूल्य) नसलेला बिगइंट कॉलम जोडणे हे क्षणाचे काम आहे, पण त्या क्षणासाठीसुद्धा कडक लॉक लागते. एखादी लांबलेली अहवालाची क्वेरी त्या टेबलावर चालू असेल तर तुमची आज्ञा तिच्यामागे थांबते आणि तुमच्यामागे इतर सगळ्या क्वेरी रांगेत उभ्या राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की एका निरुपद्रवी आज्ञेने सगळे ठप्प झाले. म्हणून अशा प्रत्येक आज्ञेपूर्वी लॉकची प्रतीक्षा दोन-तीन सेकंदांवर मर्यादित करा. नाही मिळाले तर आज्ञा हरू द्या आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. त्यानंतर इन्सर्ट आणि अपडेट या दोन्हींच्या आधी चालणारा एक ट्रिगर (डेटाबेस आपोआप चालवतो तो छोटा कार्यक्रम) बसवा, जो जुन्या आयडीचे मूल्य नव्या कॉलमात उतरवेल. यापुढे येणारी प्रत्येक ओळ आपोआप भरलेली असेल. उरतात त्या जुन्या ओळी.

त्या भरताना ओळी मोजत जाऊ नका, आयडीच्या पट्ट्यांनी जा. तुमच्याकडे १८० कोटींच्या पल्ल्यात ६० कोटी ओळी आहेत, म्हणजे ३० हजारांच्या पट्ट्यात सरासरी १० हजार ओळी सापडतील. असे ६० हजार पट्टे होतात. प्रत्येक पट्टा स्वतंत्र ट्रॅन्झॅक्शन आणि विश्रांती धरून दोन सेकंदांचा मानला, तर १,२०,००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ तास लागतात. कुठपर्यंत आलो ते एका छोट्या टेबलात लिहीत जा, म्हणजे कार्यक्रम थांबला तर तिथूनच सुरू होईल. रेप्लिका मागे पडत असेल तर विश्रांती आपोआप वाढेल अशी तजवीज ठेवा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक अपडेट ओळीची नवी प्रत लिहितो, त्यामुळे या काळात टेबल फुगते. जुन्या प्रतींची जागा मोकळी करणाऱ्या व्हॅक्यूमला वाव मिळाला नाही तर ते जवळजवळ दुप्पट होऊ शकते. याच कारणाने नव्या कॉलमावरचा इंडेक्स भरणा संपल्यावरच बांधावा, नाहीतर प्रत्येक अपडेटला त्या इंडेक्समध्येही नोंद करावी लागते आणि काम विनाकारण वाढते.

इथे मी स्वतः एकदा केलेली चूक सांगतो. त्या टेबलावर ‘शेवटचा बदल केव्हा’ हा कॉलम भरणारा जुना ट्रिगर होता आणि भरण्याचा कार्यक्रम सुरू करताना मला त्याचा विसर पडला. पहिल्या रात्रीत लाखो जुन्या ओळींवर आजची तारीख उमटली, आणि सकाळी दुसऱ्या व्यवस्थेत माहिती पाठवणाऱ्या कार्यक्रमाने त्या सगळ्या ‘बदललेल्या’ ओळी इमानेइतबारे पुन्हा पाठवायला घेतल्या. खऱ्या तारखा बॅकअपमधून काढून परत घालण्यात चार दिवस गेले. भरणा करणाऱ्या सत्रात सेशन रेप्लिकेशन रोल या सेटिंगचे मूल्य ‘रेप्लिका’ असे ठेवले की नेहमीचे ट्रिगर त्या सत्रापुरते गप्प राहतात. आपला स्वतःचा ट्रिगरही त्यात गप्प होतो, पण भरण्याची क्वेरी नव्या कॉलमात मूल्य थेट घालत असल्याने त्याने अडत नाही. ऑडिटचा ट्रिगर असेल तर हे आणखी महत्त्वाचे, नाहीतर ऑडिटच्या टेबलात ६० कोटी नोंदी जमतील.

भरणा संपल्यावर तीन कामे, तिन्ही चालू सेवेत होणारी. नव्या कॉलमावर ‘कॉन्करंटली’ (लेखन न अडवता) युनिक इंडेक्स बांधा. तो मध्येच अपयशी झाला तर अवैध अवस्थेत तसाच मागे उरतो आणि तो हाताने काढावा लागतो. नवा कॉलम नल नसल्याची चेक अट आधी ‘नॉट व्हॅलिड’ (जुन्या ओळी न तपासता) म्हणून लावा आणि नंतर स्वतंत्रपणे तपासून घ्या. ही तपासणी टेबल पूर्ण वाचते, पण लेखन अडवत नाही. पोस्टग्रेस १२ पासून अशी तपासलेली अट असली की प्रायमरी की लावताना ‘नॉट नल’साठी पुन्हा सगळे टेबल वाचले जात नाही, आणि अदलाबदलीच्या रात्री नेमका तोच वेळ वाचवायचा असतो. तिसरे काम म्हणजे ॲनालाइझ. नव्या कॉलमची आकडेवारी जमलेली नसेल, तर अदलाबदलीनंतरच्या पहिल्या मिनिटापासून क्वेरींच्या योजना बिघडतात आणि दोष मात्र बिगइंटला मिळतो.

अदलाबदल एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये, लॉकची प्रतीक्षा आखूड ठेवून करायची. क्रम असा ठेवा. मुख्य आणि जोडलेल्या टेबलांचे लॉक घ्यायचे. जोडलेल्या टेबलांच्या फॉरेन की उतरवायच्या, कारण त्या जुन्या प्रायमरी कीच्या इंडेक्सवर टेकलेल्या असतात. ट्रिगर काढायचा, जुनी प्रायमरी की काढायची, कॉलमांची नावे बदलायची, तयार युनिक इंडेक्स वापरून नवी प्रायमरी की लावायची, सीक्वेन्सचा प्रकार बिगइंट करायचा, नव्या कॉलमाला त्याचे डिफॉल्ट द्यायचे आणि जुन्याचे काढायचे. शेवटी फॉरेन की ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून पुन्हा लावायच्या. नव्या ओळींसाठी त्या तत्काळ लागू होतात आणि जुन्या ओळींची पडताळणी दुसऱ्या दिवशी निवांत करता येते. यातील एकाही पायरीत ओळींचे पुनर्लेखन नसल्याने, लॉक मिळाल्यावर हे सारे थोड्या वेळात उरकते.

या ट्रॅन्झॅक्शनमध्ये दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, जुन्या कॉलमावरची ‘नॉट नल’ अट. प्रायमरी की काढली तरी ती अट मागे उरू शकते, आणि मग पहिलाच नवा इन्सर्ट जुना कॉलम रिकामा आहे म्हणून फेटाळला जातो. दुसरी, सीक्वेन्सची मालकी. ‘सिरियल’ने बनलेला सीक्वेन्स जुन्या कॉलमच्या मालकीचा असतो. ती नव्या कॉलमकडे वळवली नाही, तर पुढे जुना कॉलम काढताना पोस्टग्रेस अडवेल, आणि वैतागून कोणी ‘कॅस्केड’ (अवलंबून असलेले सगळेही काढ) जोडले की सीक्वेन्स आणि त्याच्यासोबत नव्या कॉलमचे डिफॉल्ट दोन्ही जातील. महिन्याभरानंतर, सगळे विसरल्यावर घडणारा हा अपघात आहे, म्हणून तो शोधायलाही वेळ लागतो.

व्ह्यूंबद्दल (टेबलासारख्या वापरता येणाऱ्या, साठवून ठेवलेल्या क्वेरींबद्दल) थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे त्रुटी येत नाही, चुकीचे उत्तर येते. साध्या ‘अल्टर टेबल’ने प्रकार बदलायला गेलात आणि तो कॉलम एखाद्या व्ह्यूमध्ये असला, तर पोस्टग्रेस स्पष्ट नकार देतो, ते बरे. नावांच्या अदलाबदलीत मात्र तो काहीच बोलत नाही. व्ह्यू कॉलमला नावाने ओळखत नाही, टेबलातील त्याच्या अंतर्गत क्रमांकाने ओळखतो. त्यामुळे अदलाबदलीनंतरही व्ह्यूमधला ‘आयडी’ जुन्या कॉलमचीच मूल्ये दाखवत राहतो. जुन्या ओळींसाठी दोन्ही मूल्ये सारखी असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. नव्या ओळींचा आयडी मात्र तिथे रिकामा दिसू लागतो. म्हणून त्या टेबलावरचे सगळे व्ह्यू त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये नव्याने बांधावेत. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आतल्या भाषेतील फंक्शनांचा मजकूर नावाने वाचला जातो, तेव्हा त्यांना ही अडचण नाही. पण त्यांचे पॅरामीटर आणि आतली चले इंट म्हणून जाहीर केलेली असतात, ती एकेक करून बदलावी लागतात. बिगइंटचे मूल्य इंट पॅरामीटरच्या फंक्शनला दिले तर ‘असे फंक्शनच नाही’ असा निरोप येतो, आणि तो वाचून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

नवा आयडी कॉलम टेबलात शेवटी गेल्याने, तारांकित (सगळे कॉलम मागणाऱ्या) सिलेक्टमधून क्रमाने मूल्ये उचलणारा किंवा कॉलमांची नावे न देता इन्सर्ट करणारा जुना कोड चुकतो. शिवाय आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी, निकालाचा प्रकार बदलल्यामुळे काही काळ त्रुटी देऊ शकतात. कनेक्शन पूल (अ‍ॅप्लिकेशनने डेटाबेसशी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) नव्याने सुरू केला की हे मिटते. अदलाबदलीच्या योजनेत ती पायरी लिहून ठेवा.

आता अ‍ॅप्लिकेशन. जावास्क्रिप्टबद्दल लोक लगेच ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ या सुरक्षित मर्यादेची आठवण देतात. ती खरी आहे, पण सीक्वेन्सने वाढणारा तुमचा आयडी २१५ कोटींच्या आसपास फिरणार असल्याने तिथवर पोहोचणार नाही. त्रास वेगळ्याच ठिकाणी होतो. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचा प्रचलित पोस्टग्रेस ड्रायव्हर इंट हा संख्या म्हणून देतो आणि बिगइंट हा मजकूर म्हणून. म्हणजे मर्यादा ओलांडण्याची वाटही न पाहता, अदलाबदलीच्या क्षणापासून ५ या आयडीच्या जागी ‘५’ हा मजकूर येऊ लागतो, काटेकोर तुलना फसतात आणि जेसनमध्ये आयडीभोवती अवतरणचिन्हे दिसतात. जावात इंटिजरचे लाँग करताना, दोन्ही बाजू ऑब्जेक्ट असतील आणि तुलना दुहेरी बरोबर चिन्हाने केली असेल, तर १२७ पर्यंतचे आयडी बरोबर ठरतात आणि पुढचे चुकतात; लहान आकड्यांवर लिहिलेल्या चाचण्या हे कधीच पकडत नाहीत. मोबाइल अ‍ॅपच्या जुन्या आवृत्त्या लोकांच्या फोनवर असतात आणि त्या तुमच्या सांगण्याने बदलत नाहीत, म्हणून तो बदल सर्वांत आधी बाहेर पडायला हवा.

यावर मला सापडलेला सर्वात कामाचा उपाय असा: चाचणीच्या व्यवस्थेत कॉलम बिगइंट करून सीक्वेन्स सरळ ३०० कोटींवर नेऊन ठेवायचा आणि दोन आठवडे सगळ्यांना तिथेच काम करू द्यायचे. अहवाल, निर्यात, रात्रीचे कार्यक्रम, दुसऱ्या व्यवस्थांकडे जाणारे प्रवाह, जे काही ३२ बिटांचे आहे ते एकामागून एक ओरडते. त्यातच आणखी एक प्रकार सापडतो: दोन इंटांचा गुणाकार. ५०,००० गुणिले ५०,००० म्हणजे २५० कोटी; उत्तर बिगइंट कॉलमात जाणार असले तरी गुणाकार इंटमध्येच होतो आणि तिथेच मर्यादा ओलांडतो. दोन्हींपैकी एक संख्या आधीच बिगइंट करून घ्यावी लागते.

पोस्टग्रेस वापरत नसलेल्यांसाठी दोन शब्द. मायएसक्यूएलमध्ये इंटच्या पुढे कंसात ११ ऐवजी २० लिहिल्याने काहीही वाढत नाही. तो आकडा केवळ दाखवण्याच्या रुंदीचा होता. तिथे प्रकार बदलताना टेबलाची प्रत बनते आणि तेवढा वेळ लेखन थांबते, म्हणून मोठ्या टेबलांसाठी पर्कोनाच्या संचातील ऑनलाइन स्कीमा चेंज किंवा गिटहबचे घोस्ट ही साधने वापरतात. फॉरेन कीच्या दोन्ही बाजू तिथे अगदी एकाच प्रकारच्या असाव्या लागतात, त्यामुळे ‘आधी जोडलेली टेबले, मग मुख्य’ ही सवड मिळत नाही. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण-इंजिनात प्रत्येक दुय्यम इंडेक्स प्रायमरी की सोबत बाळगतो, तेव्हा आकारवाढीचा हिशेब तिथे खरोखर करावा लागतो. आयडी साइन्ड (ऋण संख्याही घेणारा) असेल तर अनसाइन्ड (ऋण संख्या न घेणारा) करून मर्यादा दुप्पट होते, पण एवढा खटाटोप करायचाच तर थेट बिगइंट करावे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून ऑनलाइन बदलाची सोय आहे. मात्र कॉलम प्रायमरी कीमध्ये असेल तर आधी ती की उतरवावी लागते.

हे सगळे वेळेत झालेच नाही तर एक आडवाट आहे. इंट ऋण बाजूलाही तितकाच लांब असतो, म्हणून सीक्वेन्सची किमान मर्यादा उणे २,१४,७४,८३,६४८ करून तिथून वर मोजायला लावले, तर आणखी २१४ कोटी क्रमांक मिळतात. हे मी एकदाच केले आहे आणि त्या रात्री ते उपयोगी पडले. पण आयडीच्या क्रमाला कालक्रम मानणारी प्रत्येक यादी उलटसुलट झाली, आयडी शून्याहून मोठा असल्याची तपासणी करणारे दोन कार्यक्रम थांबले, आणि त्या ऋण ओळी पुढेही कायमच्या सोबत राहिल्या. १३९ दिवस हाताशी असताना तुम्हाला याची गरज पडू नये.

अदलाबदलीनंतर जुना कॉलम लगेच काढू नका. उलट दिशेचा एक ट्रिगर लावून नवा आयडी जुन्या कॉलमातही उतरवत राहिलात, तर मर्यादा ओलांडेपर्यंत माघारीची वाट खुली राहते. मात्र तो ट्रिगर मर्यादेपलीकडच्या मूल्यांना सोडून देईल असा लिहा, नाहीतर ज्या दिवसासाठी ही सगळी धडपड केली त्याच दिवशी तो इन्सर्ट अडवेल. दोन-तीन आठवडे सुरळीत गेल्यावर आधी ट्रिगर आणि मग जुना कॉलम काढा. कॉलम काढणे क्षणात होते, पण त्याने व्यापलेली जागा लगेच मोकळी होत नाही. ओळी पुढे बदलल्या जातील तशी ती सुटत जाते. केवळ तेवढ्यासाठी टेबल पुन्हा लिहायला घेऊ नका.

तुमच्या पोस्टग्रेसची आवृत्ती आणि जोडलेल्या तीन टेबलांतील ओळींची संख्या कळवलीत, तर त्यांपैकी कोणती सरळ ‘अल्टर टेबल’ने उरकता येतील ते सांगू शकेन.